दर्यावरच्या खुणा आणि नजरेचे दफ्तर

इसवी सन १६७९ चा पावसाळा ओसरत असता शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी आपली माणसे घेऊन खांदेरी बेटावर उतरला आणि तटाचे चिरे रचू लागला, तेव्हा मुंबईकर इंग्रजांच्या मनात जी धास्ती उत्पन्न झाली ती एकट्या तोफांची नव्हती. आपल्या बंदरात शिरणाऱ्या आणि बंदरातून निघणाऱ्या प्रत्येक गलबतावर डोळा ठेवणारा एक पहारेकरी आपल्या उंबरठ्यावरच कायमचे ठाणे मांडून बसतो आहे, हे त्यांना दिसत होते. पुढे झालेल्या झुंजीची हकीकत इतिहासग्रंथांत विस्ताराने आली आहे. इंग्रजांनी ‘रिव्हेंज’ नावाची लढाऊ नौका आणि तिच्या दिमतीस लहान जहाजे पाठविली. कॅप्टन मिंचिन व कीग्विन यांच्याकडे कामगिरी होती. १८ ऑक्टोबरला मराठा सरदार दौलतखानाचे आरमार किनाऱ्याकडून चालून आले, ‘डव्ह’ नावाची गुराब मराठ्यांनी पाडाव केली, आणि ‘रिव्हेंज’च्या तोफांपुढे त्यांना अखेर माघारही घ्यावी लागली. परंतु इंग्रजांना खरोखर हैराण केले ते या समोरासमोरच्या लढाईने नव्हे. त्यांचा पहारा जागता असताही रात्रीच्या अंधारात मराठ्यांच्या लहान होड्या रसद घेऊन बेटावर पोहोचत आणि उजाडण्यापूर्वी खाडीत परतत, आणि हे थांबविण्याचा इलाज त्यांना अखेरपर्यंत सापडला नाही. १६८० च्या जानेवारीत ते खांदेरीचा नाद सोडून परत गेले.

या यशाचे श्रेय होड्यांच्या उथळ बुडाला आणि हलक्या बांधणीला देण्याची रीत आहे, व ती वावगी नाही. तथापि होडी हलकी असल्याने काळोखात आपोआप खडक चुकवीत नाही. खडक चुकवितो तो सुकाणूवरचा तांडेल, आणि त्याच्यापाशी त्या काळी नकाशा नव्हता, दिवा नव्हता, दीपगृह नव्हते. होते ते डोळ्यांत साठविलेले किनाऱ्याचे रूप: कोणता डोंगर कोणत्या झाडामागे गेला म्हणजे पाणी किती, आणि तो त्या झाडाच्या डावीकडे सरकू लागला म्हणजे भय कोणते, ही विद्या. महाराष्ट्राच्या आरमाराचा इतिहास लिहिणाऱ्यांनी जहाजांची संख्या, तोफांची वजने व सरदारांची नावे कसोशीने गोळा केली. या विद्येचा कागद मात्र कोठे मिळत नाही, कारण ती तेव्हा कागदावर उतरलीच नाही.

मांडवा हे याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाजवळचे गाव. दक्षिणेस सासवने, आवास, किहीम आणि थळ, त्यापुढे अलिबाग. पूर्वेस बोडणी व रेवस आणि धरमतर खाडीचे मुख. समोर, हवा स्वच्छ असेल तर, मुंबई. येथे किल्ला नाही, राजवाडा नाही, एखादा मोठा तह झाल्याचा दाखला नाही. या गावाचा जो काही इतिहास आहे तो ये-जा करण्याचा आहे, आणि म्हणून तो पाहण्याचाही आहे. कारण तराफ्यापासून कॅटमरानपर्यंत जे जे वाहन या पट्ट्यातून गेले त्याला वाट दाखविणारे डोळे कोणाचे तरी असावेच लागले.

जमिनीवरच्या माणसाला पाण्यावर जागा ओळखण्याची ही अडचण पुरती उमजत नाही. जमिनीची हद्द ठरविण्याचा खटाटोप आपल्या पूर्वजांनी फार बारकाईने केला. गावाच्या शिवेवर वड-पिंपळासारखे दीर्घायुषी वृक्ष लावावेत, आणि वृक्षही मरतात व माणसे लबाडी करतात म्हणून कोळसे, हाडे, खापऱ्या, भुसा अशा सहसा न कुजणाऱ्या वस्तू भूमीत पुरून गुप्त चिन्हेही करून ठेवावीत, असे मनुस्मृती सांगते. मराठेशाहीत शिवेचा वाद उपस्थित झाला की गोतसभा बसे, वृद्धांच्या जबान्या होत, महजर लिहिला जाई, आणि मानवी साक्षीने निकाल लागेना तर दिव्य करण्यावर मजल जाई. डेक्कन कॉलेजाने १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या वि. त्र्यं. गुणे यांच्या मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील ग्रंथात याचे असंख्य दाखले आहेत. समुद्रात मात्र ना वड लावता येतो, ना कोळसा पुरता येतो. कोळ्यांचे डोलीचे जाळे ज्या खुंटांना बांधायचे ते खुंट तळाशी रोवलेले, भरतीच्या पाण्याखाली पूर्ण बुडालेले. त्यांची जागा ज्याच्या डोळ्यांत असेल त्याचीच ती जागा. दूरच्या डोंगराचा कडा आणि जवळच्या देवळाचा कळस एका रेषेत आणावा, म्हणजे आपण एका अदृश्य रेघेवर आलो. दुसऱ्या बाजूस अशीच दुसरी जोडी जुळवावी, म्हणजे दोन रेघा जेथे छेदतात तेथे आपला खुंट, अथवा आपला खडक. भूमितीचे हे प्रमेय कोळ्यांनी युक्लिडाकडून घेतले नाही.

मांडव्याच्या पाण्यात या कामी येणारी स्थळे आजही कोणाला पाहता येतात. दक्षिणेकडे हजार फुटांवर उंच असलेला कनकेश्वराचा डोंगर; त्याच्या पायऱ्या चढणाऱ्या भाविकाला तो देवाचा, तर पाण्यावरच्या माणसाला तो वाटेचा. पूर्वेकडे, पनवेलच्या अंगाला, कर्नाळ्याचा तो विख्यात सुळका, ज्याला बंदरात येणाऱ्या इंग्रज खलाशांनी नरसाळ्याच्या आकारावरून ‘फनेल हिल’ असे नाव देऊन टाकले होते. उरणकडे करंजाची टेकाडे. नैर्ऋत्येस खांदेरी व तिची धाकटी बहीण उंदेरी, जिच्यावर १६८० च्या आरंभी जंजिऱ्याच्या सिद्दीने आपला अंमल बसविला आणि पुढे कित्येक वर्षे दोन वैऱ्यांची ठाणी एकमेकांच्या तोफेच्या माऱ्यात नांदली. या खुणांखेरीज ज्यांना कोणत्याच ग्रंथात नाव नाही अशा शेकडो खुणा असत: एखादा एकटा ताड, एखाद्या वाडीतले उंच चिंचेचे झाड, कोणाच्या तरी घराचे कौलारू आढे.

कंपनी सरकारच्या अमदानीत ही विद्या प्रथम कागदावर आली, परंतु ती दुसऱ्यांच्या डोळ्यांनी. जेम्स हॉर्सबर्ग या स्कॉटिश जलमापकाने १८०९ पासून प्रसिद्ध केलेल्या नौकानयनाच्या मार्गदर्शिकेत आपली खांदेरी-उंदेरी ‘केनरी-हेनरी’ होऊन बसली. तत्कालीन नकाशांच्या कडेला किनाऱ्याची लांबट रेखाचित्रेही कोरलेली असत, समुद्रावरून पाहणाऱ्यास डोंगररांग जशी दिसेल तशी. परक्या कप्तानाच्या डोळ्यांना जी ओळख नव्हती ती त्यांना उसनी देण्याची ही तजवीज होती. १८६७ साली खांदेरीवर दीपगृह उभे राहिले, १८७५ साली मुंबईतल्या कुलाब्याच्या टोकापुढे प्राँग्जचे, आणि १८८४ साली बंदराच्या तोंडाशी सन्क रॉकचे. दिव्याने एक मोठे काम केले आणि एक लहानसे नुकसानही केले: लक्ष कोठे द्यावे हे तो स्वतःच सांगू लागला. ज्याला दिवा सांगतो त्याची नजर फारशी भटकत नाही, आणि न भटकणारी नजर थोडे शिकते, असे माझे मत आहे. सुरक्षितपणे घरी पोहोचलेल्या खलाशाला ते पटण्याचे कारण नाही.

नेमक्या याच सुमारास युरोपात नजरेच्या भटकण्याचे शास्त्र जन्मास येत होते. १८७९ च्या आगेमागे पॅरिसमध्ये नेत्रवैद्य एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेत आणि प्रागमध्ये हेरिंग यांच्याकडे असे ध्यानात आले की, वाचणाऱ्याचा डोळा ओळीवरून संथ वाहत जातो ही आपली समजूत निखालस खोटी आहे. तो उड्या घेतो, क्षणभर थांबतो, पुन्हा उडी घेतो. जागेपणी अशा सेकंदाला तीन-चार उड्या होतात, आणि उडी चालू असताना आपल्याला वस्तुतः काही दिसत नाही. तरीही जग आपल्याला सलग भासते, कारण मधली भगदाडे मन भरून काढते. मनाने भरावयाचे म्हणजे स्मृतीने भरावयाचे. म्हणजे ज्याला आपण ‘पाहणे’ म्हणतो त्यात आठवणीचा हिस्सा पहिल्यापासूनच आहे.

हा हिस्सा किती मोठा आहे हे दाखविण्याचे श्रेय मॉस्कोच्या आल्फ्रेड यार्बुस यांना जाते. १९६५ साली रशियन भाषेत व १९६७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात एक प्रयोग आहे, ज्याची चित्रे मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून आजही छापली जातात. डोळ्याच्या बुबुळावर एक चिमुकली टोपी बसवून (वाचताना अंगावर काटा येतो, परंतु त्या काळी दुसरा इलाज नव्हता) यार्बुस यांनी इल्या रेपिन यांच्या एका चित्रावर फिरणाऱ्या नजरेचा मार्ग टिपला. चित्र असे की, हद्दपारीतून एक माणूस अवचित घरी परतला आहे आणि घरची मंडळी त्याच्याकडे पाहताहेत. चित्र तेच, पाहणारा तोच. परंतु ‘या मंडळींची वये काय असावीत’ असे विचारले की नजर चेहऱ्यांवर खिळे, ‘घरची सांपत्तिक स्थिती कशी’ असे विचारले की ती सामानावर फिरे, आणि ‘हा माणूस किती वर्षे दूर होता’ असे विचारले की ती चेहऱ्यावरून चेहऱ्यावर, ओळख पटल्याची खूण शोधीत, येरझाऱ्या घाली. डोळे प्रश्नाची आज्ञा पाळतात. मात्र आज्ञा दिली गेली हेसुद्धा धन्याला बहुधा माहीत नसते.

पुढच्या पिढीने याहून खोल पाणी मापले. २००० साली इलिनॉय विद्यापीठातील जेनिफर रायन, नील कोहेन व त्यांचे सहकारी यांनी लोकांना काही दृश्ये दाखविली आणि नंतर त्यांत गुपचूप फेरफार करून पुन्हा दाखविली. ‘काही बदलले आहे काय’ या प्रश्नास ज्यांनी नकार दिला त्यांचेही डोळे बदललेल्या जागी अधिक रेंगाळले, आणि मेंदूच्या विकाराने ज्यांची स्मृती नष्ट झाली होती त्यांचे रेंगाळले नाहीत. मुखाने जी साक्ष दिली नाही ती डोळ्यांनी दिली, असा याचा अर्थ झाला. काही वर्षांनी लॅरी स्क्वायर प्रभृतींनी उलट प्रयोग मांडून असे प्रतिपादन केले की, हा परिणाम जाणीव असेल तेव्हाच दिसतो. तो वाद पुरता मिटलेला नाही, व असे वाद न मिटणे हे शास्त्राच्या प्रकृतीचेच लक्षण मानावे. त्याच २००० साली कॉर्नेल विद्यापीठात डॅनियल रिचर्डसन आणि मायकेल स्पिव्ही यांनी एक अधिकच विलक्षण गोष्ट नोंदविली. पडद्याचे चार चौकोन. प्रत्येक चौकोनातून एकेक माहिती ऐकविली. मग चारही चौकोन रिकामे करून त्यांतल्या एका माहितीविषयी प्रश्न विचारला. उत्तर देणाऱ्याचे डोळे, पाहण्यासारखे तेथे काहीही नसताना, ज्या चौकोनातून ती माहिती आली होती त्या रिकाम्या चौकोनाकडे गेले. अशा पाहण्याने उत्तर अधिक बिनचूक झाल्याचे त्यांना दिसले नाही; परंतु स्वीडनमधील लुंड येथे झालेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात डोळ्यांना मुद्दाम त्या जागी अथवा भलत्याच जागी खिळवून ठेवले असता, योग्य रिकामी जागा पाहणाऱ्यांची आठवण सरस ठरली.

रिकाम्या जागेकडे पाहणे मांडव्याच्या किनाऱ्याला नवे नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला लागले आणि रायगड जिल्ह्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या, सुरूची बने, आंबे, चिंचा यांची जी पडझड झाली तिचे मोजमाप बागायतदारांच्या नुकसानीत झाले; समुद्रावरून दिसणाऱ्या खुणांचेही त्या दिवशी नुकसान झाले, त्याचा पंचनामा कोणी केला नाही, आणि तसा रकाना कोणत्या तलाठ्याच्या कागदात असणार? त्यानंतर एकदा या बाजूच्या एका वयोवृद्ध तांडेलाबरोबर पाण्यावर असता मी त्याच्या डोळ्यांकडे लक्ष ठेवून होतो. होडी वळविण्यापूर्वी तो किनाऱ्यावरच्या एका ठिकाणी क्षणमात्र पाही, जेथे मला आभाळाखेरीज काही दिसत नव्हते. विचारले तेव्हा म्हणाला, “तिथं सुरू होता. आता पत्र्याची शेड धरतो.” नवी खूण त्याने केव्हाच पत्करली होती, परंतु डोळे आधी जुन्या सुरूकडे हजेरी लावून मगच शेडीकडे वळत होते.

येथे विसरण्याचा प्रश्न उभा राहतो, आणि तो वाटतो तितका सरळ नाही. आपण विसरण्याला दोष मानतो. १८८५ साली हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह पाठ करून विस्मरणाची जी वक्ररेषा आखली, तीही मनाच्या गळतीचीच मानली गेली. परंतु तांडेलाचा धंदा पाहिला की ध्यानात येते की, वेळेवर विसरता न येणारा माणूस त्याच्या कामाचा नाही. पावसाळ्याचे चार महिने समुद्र खवळलेला असतो. खाड्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे सरकतात, गेल्या वैशाखात जेथे होडी निर्वेध जात होती तेथे श्रावणात गुडघाभर पाणी असते. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा पाण्यात लोटल्या की पहिले काम गतवर्षीची वाट मनातून उतरविण्याचे. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे जाते. कालची वेळ आज डोक्यात राहिली तर होडी चिखलात रुतते. खडक आठवावयाचा आणि दांडा विसरावयाचा, ही दोन्ही कामे एकाच डोक्याने एकाच सकाळी करावयाची असतात.

अमेरिकेत रॉबर्ट ब्योर्क यांनी १९७० च्या दशकात या बुद्धिपुरस्सर विस्मरणाचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला. शब्दांची एक यादी पाठ करून घ्यावयाची, मग ‘ती विसरा, आता दुसरी लक्षात ठेवा’ असे सांगावयाचे. असे सांगितले असता पहिली यादी खरोखर कमी आठवते आणि दुसरी अधिक नीट आठवते. विसरणे ही जागा मोकळी करण्याची क्रिया ठरते. यातला खरा मार्मिक भाग पुढे आहे. त्या ‘विसरलेल्या’ यादीतले शब्द इतर शब्दांत मिसळून समोर ठेवले की माणूस ते बहुतेक सारे ओळखतो. म्हणजे दफ्तरातला रुमाल जळालेला नसतो. त्याच्याकडे जाणाऱ्या वाटेवर चौकी बसविलेली असते. २००१ साली मायकेल अँडरसन व कॉलिन ग्रीन यांनी, एखादी गोष्ट आठवण्याची सूचना समोर असताना ती वारंवार दडपली तर पुढे तिचे स्मरण क्षीण होते, असेही दाखविले. आपल्याकडे ‘औषध घेताना माकड आठवू नकोस’ अशी अट घालणाऱ्या वैद्याची गोष्ट सांगतात. ती खरी आहे, परंतु अर्धीच: एका दिवसात माकड जात नाही, सरावाने जाऊ शकते. आणि गेल्यावरही, समोर आले तर, डोळे त्याला ओळखतात.

या शेवटच्या वाक्यात पोलीस खात्याला रस वाटावा हे साहजिक आहे. २०१२ साली जर्मनीतील दोन संशोधकांनी असे दाखविले की, ओळखीचा चेहरा अनोळखी चेहऱ्यांत ठेवून ‘ओळख लपवा’ असे सांगितले तरी नजर त्या चेहऱ्यावर अंमळ अधिक ठरते. हे वाचून एखाद्या तरुण अधिकाऱ्याला आपण नवे साधन शोधले असे वाटेल. वस्तुतः ही कल्पना या देशात फार जुनी आहे. मनुस्मृतीत न्यायाधीशाने वादी-प्रतिवादींचे अंतरंग त्यांचा स्वर, वर्ण, हावभाव आणि डोळे यांवरून जाणावे असे सांगितले आहे, तर याज्ञवल्क्याने दुष्ट साक्षीदाराची लक्षणेच दिली आहेत: तो एका जागी स्थिर राहत नाही, ओठांच्या कडा चाटतो, त्याच्या कपाळी घाम येतो, तोंडाला कोरड पडते, आणि तो समोरच्याच्या नजरेस नजर देत नाही. परंतु माझ्या मते खरे कौतुक करावयाचे ते याज्ञवल्क्याचे नव्हे, त्याच्या टीकाकाराचे. बाराव्या शतकाच्या आरंभी, चालुक्य विक्रमादित्याच्या कल्याणी नगरीत बसून विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली, जी पुढे आमच्या कोकणासह पश्चिम भारताच्या न्यायव्यवहाराचा आधारग्रंथ झाली. या लक्षणांच्या श्लोकांपाशी तो थबकतो आणि बजावतो की, यांवरून केवळ संशय घ्यावा, निर्णय करू नये. कारण स्वाभाविक विकार कोणता व अपराधामुळे झालेला कोणता हे ओळखणे दुष्कर आहे. ज्याला स्वभावतःच घाम येतो त्याला खुनी ठरवू नका, इतका साधा आणि इतका दुर्मिळ विवेक.

तो विवेक नऊशे वर्षांनी महाराष्ट्रातच पुन्हा कसोटीस लागला. २००८ साली पुण्याच्या न्यायालयाने एका खून खटल्यात आरोपीच्या मेंदूतील विद्युत्स्पंदनांच्या चाचणीचा आधार घेतला. गुन्ह्याची वाक्ये ऐकविली असता मेंदूत ‘अनुभवलेली आठवण’ जागी होते असा त्या चाचणीचा दावा होता, आणि जगभरच्या मेंदूतज्ज्ञांचे डोळे त्या निकालाकडे लागले. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात निर्णय दिला की, अशी कोणतीही चाचणी माणसाच्या संमतीवाचून करता येणार नाही, आणि संमतीने केली तरी तिचा निष्कर्ष हाच पुरावा म्हणून चालणार नाही. उद्या नजरेचा माग काढणारे यंत्र ठाण्यात आले तर त्यालाही हाच दंडक लागावा. डोळे खोटे बोलत नाहीत हे कदाचित खरे असेल. परंतु ते काय बोलतात याचा तर्जुमा करणारा माणूसच असतो, आणि तर्जुमा चुकतो.

व्यक्तीप्रमाणे गावेही बुद्ध्या विसरतात काय, असा प्रश्न या किनाऱ्यावर टाळता येत नाही. १७ जुलै १९४७, गुरुवार, आषाढी अमावास्या. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट वादळी पावसात, निघाल्यापासून तासाभराच्या आत, काशाच्या खडकानजीक कलंडून बुडाली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. बातमी मुंबईत पोहोचेपर्यंत दिवस बराच सरला होता, आणि जी माणसे वाचली त्यांतली कित्येक मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांच्या होड्यांनी वाचविली. हिंदी सागरातील उतारू जहाजांच्या मोठ्या अपघातांत ज्याची गणना व्हावी असा हा प्रसंग. परंतु महिन्याभरात स्वातंत्र्य आले, फाळणी आली, आणि देशाच्या स्मरणात या सहाशे-सातशे अलिबागकर, पेणकर, मुंबईकर मृतांस जागा उरली नाही. मात्र या किनाऱ्याच्या घरांतून तो दिवस पुसला गेला नाही. ज्यांच्या घरचे कोणी गेले त्यांनी त्याची वाच्यता करणे सोडले, इतकेच. न बोलणे आणि विसरणे यांत जे अंतर आहे ते प्रयोगशाळेला अलीकडे सापडले. येथल्या बायकांना ते पाऊणशे वर्षे ठाऊक आहे. पावसाळी हवेत रेवस-मांडव्याच्या बोटीवर जुन्या पिढीतले कोणी असेल तर त्याची मान उत्तरेस कोठे वळते ते पाहावे.

सरकारी विस्मरणाची तऱ्हा याहून वेगळी. आंगऱ्यांचे संस्थान १८४० साली खालसा झाले. ज्या कान्होजीने १७१८ साली खांदेरीवर चालून आलेल्या इंग्रजांना परतविले आणि ज्याच्या दस्तकाशिवाय या पाण्यात गलबत हाकणे धोक्याचे होते, त्याला इंग्रजी ग्रंथकारांनी ‘चाचा’ या एका शब्दात गुंडाळून ठेवले होतेच. स्वराज्य आल्यावर उलट दिशेची मोहीम झाली: १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला, १९९८ साली खांदेरीला कान्होजी आंग्रे यांचे नाव मिळाले. हेतू उदात्त असला तरी जुन्या माणसांच्या जिभेवर ‘कुलाबा’ आहेच आणि होडीतला माणूस बेटाला खांदेरीच म्हणतो. हुकमाने यादी बदलते, ओळख बदलत नाही. आणि एखादेवेळी हुकमावाचूनही एक यादी दुसरीवर बसते. १९९० च्या ‘अग्निपथ’ या हिंदी चित्रपटाने मांडव्याचे नाव हिंदुस्थानभर नेले, ते एका अशा नायकाचे गाव म्हणून की ज्याला बापाच्या अपमानाचा क्षणभरही विसर पडत नाही. २०१२ साली तो चित्रपट नव्याने निघाला तेव्हा मांडव्याचे चित्रण दीवला झाले. आता जेट्टीवर उतरणारा पाहुणा अधूनमधून इकडेतिकडे जे शोधताना दिसतो ते या गावात कधी नव्हते. यार्बुस असते तर त्यांनी त्या पाहुण्याच्या नजरेची वाट टिपून घेतली असती.

१५ मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मोटारी वाहणारी मोठी नौका मांडव्यास येऊ लागली. तिच्या पुलावर रडार आहे, उपग्रहाने चालणारा नकाशा आहे, खोली मोजणारे यंत्र आहे, आणि कोळ्यांच्या होड्यांतही आता उपग्रहाचे छोटे यंत्र असतेच, ज्यात खुंटांच्या जागा आकड्यांनी साठविलेल्या असतात. आकडे पुसण्यास एक बटण पुरते, व पुसल्यावर ते कोणाच्या नजरेत उरत नाहीत. वाळू मात्र यंत्राला जुमानीत नाही. धक्क्यापुढच्या वाटेत गाळ बसतो, ओहोटीला मोठ्या नौकेचे वेळापत्रक बिघडते, म्हणून गाळ उपसावा लागतो आणि खोली पुन्हा नव्याने मापावी लागते. मापणी झाली की जुना तक्ता रद्द केल्याचा शेरा मारून नवा तक्ता टांगतात.